उजेडाकडे पाठ

त्या संध्याकाळी आकाशातून जळता दगड गेला, तेव्हा सगळं गाव माना वर करून बघत होतं. बघितलं नाही ते एकट्या वेल्डिंगच्या मिस्त्रीनं. पुढे कितीतरी दिवस जो तो आपण काय पाहिलं ते तिखटमीठ लावून सांगायचा आणि मिस्त्री मधूनच उठून जायचा. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं बघायचं हुकलं म्हणून चिडलाय. लोकांचं काय, लोकांना काहीही वाटतं.

खरं तर त्यात त्याची चूक नव्हती. उभा जन्म त्यानं लोखंडाला लोखंड चिकटवण्यात घालवला होता, आणि त्या कामाचा पहिला धडा म्हणजे उजेडाकडे बघायचं नाही. वेल्डिंगचा झगझगता आर्क पेटवण्याआधी तो "डोळे!" असं ओरडायचा. ते ऐकलं की दुकानात असेल त्यानं मुकाट पाठ फिरवायची, मग तो गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो की जागेचा मालक. त्यांचं मांजरसुद्धा भिंतीकडे तोंड करून बसतं, असं समोरच्या गल्लीतला सलूनवाला सांगतो. पण सलूनवाल्याच्या बोलण्यातलं निम्मं खाली पडलेल्या केसांसारखं झाडून टाकायचं असतं.

दुकानात मिस्त्री आणि त्याची मुलगी अशी दोघंच. मुलीला सगळा रस्ता ठिणगी म्हणायचा, आणि ते नाव तिच्या कामावरून पडलं की तिच्या तोंडावरून, यावर दुमत होतं. आधी ती एका थंडगार ऑफिसात, चाकाच्या खुर्चीवर बसून काम करायची. वर्षभरापूर्वी ती नोकरी सोडून आली आणि म्हणाली, "बाबा, मला शिकवा." मिस्त्री तेव्हा इतका फुगला की पुरे. येईल-जाईल त्याला सांगायचा, "रक्तातच आहे तिच्या. ऑफिसात कशी रमेल?"

पोरीचा हात खरोखरच चांगला होता. नाकाच्या बाबतीत मात्र बापलेकीचं जमत नव्हतं.

"बाबा, गॅसचा वास येतोय," त्या संध्याकाळी ती म्हणाली.

"मला नाही येत."

"नळीपाशी येऊन बघा ना एकदा."

मिस्त्री आला. सिलिंडरला जोडलेल्या गॅस कटरच्या नळीवर वाकला, डोळे मिटले आणि डॉक्टरसमोर घेतात तसा लांबलचक श्वास घेतला. "काही नाही. तुझं नाक एसीत बसून नाजूक झालंय."

"साबणाचा फेस लावून बघू या. गळत असेल तर बुडबुडे येतील. तुम्हीच शिकवलंय मला."

"शिकवलंय ते नवशिक्यांसाठी. माझा जन्म गेलाय या नळ्यांत. तिला साबण लावायला काय आंघोळ घालायचीय?"

ठिणगी नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली, जणू त्यानं आणखी काहीतरी बोलायचं होतं आणि ती वाट बघत होती. ते बघणं मिस्त्रीला झोंबलं. त्यानं खिशातून काळी चिकटपट्टी काढली, नळीच्या सांध्याला गरागरा गुंडाळली, "घे, झालं तुझं समाधान?" असं म्हणाला आणि तडक दाढीला निघून गेला. लेकीशी वाजलं की तो दाढीला जायचा. त्यामुळे हल्ली त्याचे गाल रोज गुळगुळीत असायचे.

सलूनमध्ये संध्याकाळचं गिऱ्हाईक नव्हतं. सलूनवाल्यानं त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि ब्रशनं दोन्ही गालांवर भरपूर फेस फासला.

"साबण नवा आणलाय, मिस्त्री. वास बघा कसला आहे."

"फर्स्ट क्लास. गुलाब ना?"

"लिंबू आहे," सलूनवाला म्हणाला, आणि वस्तरा उघडून कामाला लागला.

मिस्त्रीनं आरशासमोर डोळे मिटून घेतले. गोष्ट अशी होती की त्याला वास येत नव्हता. गुलाबाचा नाही, लिंबाचा नाही, गॅसचा तर नाहीच. जस्ताचा मुलामा असलेले पाइप जोडता जोडता त्यांचा धूर वर्षानुवर्षं नाकात गेला होता आणि नाक हळूहळू विझत गेलं होतं. एकदा घरी दूध उतू जाऊन भांड्याच्या बुडाला काळंठिक्कर झालं, आणि हा दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसलेला. बायको बाहेरून धावत आली. "अहो, लक्ष कुठं आहे तुमचं?" म्हणाली. त्यानं पेपरातली एक बातमी पुढे केली आणि वेळ मारून नेली. त्याला वर्ष होऊन गेलं. वास न येणारा मिस्त्री म्हणजे दात नसलेला कुत्रा, दुकानाबाहेर बसवायच्या लायकीचा, असं त्याचं स्वतःचंच मत होतं. म्हणून त्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा सलूनवाला एक गाल संपवून हनुवटीखाली आला होता. आरशात मागचं उघडं दार दिसत होतं, दारातून रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला त्याच्याच दुकानाचं पत्र्याचं छत. त्या छतामागे मावळतीचा थोडा लालसरपणा उरला होता.

आणि तो आरसा पेटला.

दुसरा शब्द नाही. निळापांढरा, बोचरा, आर्कचाच उजेड, पण एवढा की भिंत, बाटल्या, सलूनवाल्याचा हात, सगळं कागदासारखं पांढरंफटक पडलं. मिस्त्रीच्या मानेनं त्याला न विचारता जे जन्मभर केलं तेच केलं. डोळे घट्ट मिटले, तोंड फिरलं, आणि वस्तरा जबड्यावर ओरखडून गेला. मिटलेल्या पापण्यांतूनही लाल उजेड आत येत होता. सलूनवाला "आई गं!" म्हणून किंचाळला. बाहेर कुणाची तरी सायकल धाडकन पडली.

मिस्त्रीनं डोळे उघडले तेव्हा उजेड गेला होता. आरशात, त्याच्या दुकानाच्या छतामागून, धुराचा जाडजूड लोट थेट आभाळात चढलेला होता.

सिलिंडर.

त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. येणार तरी कसं? असा उजेड त्याच्या माहितीत एकाच जागी पडायचा, आणि त्या जागी आत्ता धूर होता, आणि त्या जागी त्याची मुलगी होती.

"माझी पट्टी," तो मोठ्यानं म्हणाला आणि खुर्चीतून उठला.

"अहो मिस्त्री, थांबा, रक्त येतंय! अहो, ते वर..."

पण मिस्त्री रस्त्यावर पोचला होता. गळ्यात पांढरं कापड, एका गालावर फेस, दुसऱ्या गालाखाली रक्ताचा ओघळ. एरवी असा माणूस पळताना दिसला असता तर अर्धा रस्ता हसला असता आणि अर्धा मागे लागला असता. त्या संध्याकाळी कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे वर बघत होते. शिंपी गळ्यात टेप लोंबकळत ठेवून दारात उभा. बस रस्त्याच्या मधोमध थांबलेली, ड्रायव्हर खाली उतरून, कमरेवर हात ठेवून, तोंडाचा आ वासून उभा. एक बाई पोराला छातीशी घट्ट धरून नुसती "अरे देवा, अरे देवा" करत होती.

"केवढा धूर बघा!"

"फुटलं ना! तुकडे उडाले, मी या डोळ्यांनी पाहिले!"

"वाचलं नसेल काही, जिथं पडलं असेल तिथलं."

मिस्त्रीनं हे सगळं ऐकलं. कुणाचं काय फुटलं, हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही. एवढ्या लोकांना दिसलं, म्हणजे झालंच ते. त्यानं मान खाली घातली आणि पळत राहिला. गुडघे तर केव्हाच संपावर गेले होते, पण त्या दिवशी त्यांचं कोण ऐकतो? पळताना त्याला वाकून घेतलेला तो खोटा श्वास आठवत होता. काय नाटक केलं होतं! डोळे काय मिटले, छाती काय फुगवली! आणि पोरगी समोर उभी राहून बघत होती. नुसतं एवढं म्हणायचं होतं, "मला कळत नाही गं, तूच बघ." जीभ झिजली असती का? स्वतःची लाज झाकायला त्यानं सांध्याला पट्टी गुंडाळली होती. आता त्या पट्टीखाली काय झालं असेल याचं चित्र डोळ्यांपुढे यायला लागलं तसा तो मोठ्यानं रडायला लागला. पळत पळत, फेसातून, लहान मूल रडतं तसा.

दुकान हाकेच्या अंतरावर आलं आणि तेव्हा आवाज आला.

आवाज कसला, जमिनीनंच खालून लाथ घातली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या खळाखळा फुटून रस्त्यावर आल्या. पत्रे थडथडले, कुत्री बोंबलत सुटली, आणि त्यामागून आणखी दोन-तीन धमाके गडगडत गेले. मिस्त्री तोंडावर आपटला. दुसरा सिलिंडर, ऑक्सिजनचा, त्याला वाटलं. पहिल्यातून काही उरलं असेल तर ते आता गेलं.  रस्त्याच्या कडेला बसून तो आपल्या दोन तळव्यांकडे बघत राहिला. याच हातांनी, याच हातांनी, एवढंच त्याच्या मनात फिरत होतं.

मागून सलूनवाला धापा टाकत आला. एका हातात फेसाची वाटी, दुसऱ्या हातात ब्रश. घाबरलेल्या माणसाच्या हातात जे असेल ते तसंच राहतं. तो काहीतरी सांगत होता, वर बोट दाखवत होता, पण मिस्त्रीच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. सलूनवाल्यानं काखेत हात घालून त्याला उभा केला. दोघं दुकानाशी आले.

शटर अर्धं वर होतं. मिस्त्री वाकून आत शिरला.

आत भिंती होत्या. हेच त्याला आधी कळेना. भिंती जागेवर, भिंतीवरच्या पकडी खिळ्यांना टांगलेल्या, अर्धवट जोडलेलं गेट लोखंडी घोड्यांवर तसंच. काजळी नाही, जळकं काही नाही. छतात उजेडासाठी बसवलेली मोठी काच तेवढी नव्हती. ती खाली आली होती. तिचे सुऱ्यांसारखे लांब तुकडे जिकडेतिकडे पडले होते, आणि त्यातला सगळ्यात मोठा, हातभर लांब, ठिणगीच्या स्टुलावर उभाच्या उभा रुतला होता. फळीतून आरपार. स्टुलाशेजारी तिचा एक हातमोजा पडला होता.

"ठिणगे!"

तो गेटामागे वाकून बघून आला.

"पोरी! अगं ए!"

हातमोजा उचलून त्यानं आत बघितलं, जणू त्यात हात राहिला असेल. मग त्याला दिसलं की सिलिंडर जागेवर नाही. सिलिंडर नाही, मुलगी नाही, आणि मागचं दार सताड उघडं.

मागच्या अंगणात ठिणगी उभी होती. डोक्यावर वेल्डिंगचं हेल्मेट, काळी काच खाली ओढलेली, तोंड आभाळाकडे. खांबासारखी ताठ. मिस्त्रीनं दोनदा हाक मारली तरी हलली नाही. त्यानं जाऊन तिचे खांदे धरले तेव्हा ती दचकून दोन पावलं मागे सरली आणि तिनं हेल्मेट वर केलं. चेहरा पांढरा पडलेला.

"कानात शिट्टी वाजतेय, बाबा, मोठ्यानं बोला! ते काय होतं? पाहिलंत तुम्ही? मी सरळ बघितलं त्याच्याकडे. उजेड पडला आणि मानेला झटका दिला, हेल्मेटची काच डोळ्यांवर आली, आणि काचेतून... लिंबाएवढं होतं. हिरवं. गरगर फिरत होतं. मग उललं आणि त्याचे तुकडे एकामागून एक चालले, ओळीनं. आवाज नाही, काही नाही. मला वाटलं आता आपल्यावरच येतंय."

"तू आहेस," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"तू आहेस ना?"

आता कुठं तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. फेस, रक्त, फुटलेले गुडघे, गळ्यातलं कापड. "बाबा! हे काय करून घेतलंत?"

"सिलिंडर," तो म्हणाला. "मला वाटलं, सिलिंडर."

"सिलिंडर तो काय, भिंतीपाशी. मीच आणलाय ओढत. तुम्ही गेलात आणि वास आणखी वाढला. मग वाल्व बंद केला, सगळं बाहेर काढलं आणि इथं उभी राहिले. किती वेळा सांगायचं माणसानं?"

मिस्त्रीनं वळून उघड्या दारातून आत बघितलं. स्टूल दिसत होतं. काच दिसत होती. तो म्हणाला होता की वास नाही. तिनं बापाचं ऐकलं असतं तर ती आत्ता त्या स्टुलावर असती. 

ठिणगीनंही तेव्हाच ते पाहिलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला.  

मग ती तरातरा सलूनवाल्याकडे गेली आणि त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. "द्या इकडे, काका." वाटीतला फेस तिनं त्या काळ्या पट्टीवर जाड थापला, जसा मिस्त्रीच्या गालावर होता तसाच, आणि सिलिंडरचा वाल्व अगदी जरासा फिरवला.

"बघा."

आधी काही झालं नाही. मिस्त्रीचा स्वभाव असा की तेवढ्यातही त्याच्या मनात येऊन गेलं, बघ, म्हटलं नव्हतं! मग पट्टीच्या कडेशी फेस हलला. एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. दुसरा आला. मग भाताला आधण यावं तसे भराभर यायला लागले, आणि एक भलामोठा, संध्याकाळचा सगळा लाल रंग अंगावर घेऊन, त्याच्या नाकासमोर फुटला.

तो आणखी वाकला. या वेळी नाटक नव्हतं. खरंच, जीव तोडून त्यानं श्वास ओढला, पुन्हा ओढला. आत नुसती हवा आली.

"मला येत नाही," तो म्हणाला.

ठिणगीनं वाल्व बंद केला.

"वास. कसलाच येत नाही. ते दूध करपलं होतं ना मागे, तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून असेल." त्याची मान वर होत नव्हती. "तुला मारायला निघालो होतो मी आज. आईला नको सांगू."

ठिणगी त्याच्याशेजारी खाली बसली. मगाशी चढलेला आवाज आता एकदम खाली आला.

"आईनंच पाठवलंय मला, बाबा."

"कुठं?"

"इथं. दुकानात. दूध करपलं त्याच रात्री फोन केला तिनं मला. म्हणाली, त्यांचं नाक गेलंय आणि ते मरतील पण सांगायचे नाहीत, तू जा. तुम्हाला काय वाटलं, मी खुर्ची सोडून लोखंड जाळायला कशाला आले?"

मिस्त्रीला काय वाटलं होतं ते सगळ्या रस्त्याला पाठ होतं. रक्तातच आहे तिच्या. त्याला आता ते आठवलं आणि कुठं तोंड लपवावं असं झालं. वर्षभर मुलगी त्याच्या नाकाच्या जागी उभी राहिली होती, आणि तो तिला नाक कसं वापरायचं ते शिकवत होता.

"मग बोलली का नाहीस?"

"रोज वाटायचं, आज सांगतील. आजसुद्धा नळीपाशी बोलावलं ते त्यासाठीच. आणि मग तुम्ही तो श्वास घेतलात." तिला रडू येत होतं की हसू, ते तिलाच ठरवता येईना. "काय श्वास होता, बाबा!"

सलूनवाला दाराच्या चौकटीला टेकून हळूच म्हणाला, "गुलाब म्हणाले मला. लिंबाला."

मिस्त्रीनं खिशातली पक्कड काढली आणि ती नळी सांध्यापाशी कचकन तोडली. मग उरलेल्या तुकड्याचेही तुकडे केले, कुणी पुन्हा जोडून वापरू नये म्हणून. काळी पट्टी त्यानं सोलून काढली, तिची गोळी केली आणि कुंपणापलीकडे भिरकावली.

मग त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. तिथं आता काही नव्हतं. धुराची एक लांब रेघ वाऱ्यानं वेडीवाकडी होऊन विरत चालली होती. गल्लीगल्लीतून अजून लोकांचा गलका ऐकू येत होता.

"हिरवं होतं म्हणालीस?"

"काचेमुळे तसं दिसलं असेल. आपली काच हिरवी आहे ना."

"हं."  मग रिकाम्या सांध्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "आणि आता? आता येतोय का गं?"

ठिणगी खाली वाकली, सिलिंडरच्या तोंडाशी नाक नेलं आणि नीट, सावकाश हुंगलं. मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"नाही," ती म्हणाली. "आता नुसता साबणाचा येतोय. लिंबाचा."